चेरीसुद्धा मिक्सरमध्ये

१४ एप्रिल, रविवार

शी! लिहितानासुद्धा घाण वाटते आहे.

तो आला. परत! मी सातवीत असताना ‘कडोदऱ्याला जाऊन येतो’ म्हणून जो बाप गेला तो आज दुपारी आमच्या जिन्यावर उभा. उभा कसला – लोटूकाकाच्या खांद्यावर टांगलेला. लोटूकाका म्हणजे त्याचा चुलतभाऊ, तिकडेच लूमवर कामाला आहे. दारातूनच म्हणाला, “आमच्या खोलीत सगळे कामगार, वहिनी. पाय ठेवायले जागा नही. आते याले कोठे ठेवू?”

आमच्याकडे. आणखी कुठे!

गालांचे नुसते खड्डे. जन्मभर मावा चघळला – सुपारी, तंबाखू, चुना – तर गाल आतून चामड्यासारखे ताठ झाले. तोंडात बोट जाईना. शेवटी दवाखान्यात आतून कापून मोकळे केले म्हणे. आता फक्त पातळ खायचं. आणि जिच्यासाठी आम्हाला सोडलं ती तारा? ऑपरेशन झालं तशी अमळनेरला भावाकडे निघून गेली. हुशार बाई.

आई साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. तिने वर पाहिलं. मला वाटलं, आता ही ओरडणार. सगळी चाळ गोळा होऊ दे, होऊ दे! तिने बोटांवरचा गोंद फडक्याला पुसला आणि म्हणाली, “बसवा त्यांना.”

बस. एवढंच.

नाव दगा. आजीने नवसाचं म्हणून ठेवलेलं. नाव तरी राखलं त्याने.

१५ एप्रिल, सोमवार

आइस्क्रीमच्या काड्या! डॉक्टरांनी व्यायाम दिलाय – काड्यांची थप्पी दातांमध्ये घालून बसायचं, तोंड हळूहळू उघडतं. तो आ करून भिंतीला टेकलेला, लाळ हनुवटीवरून बनियनवर. आई पुसते. स्वतःच्या पदराने!!

डबा न घेताच कामाला गेले. दिवसभर मार्केटमध्ये व्हिडिओ कॉलवर बायकांना साड्या दाखवत होते. “इसका पल्लू देखिए दीदी” – आणि डोळ्यांसमोर तो पदर.

१७ एप्रिल, बुधवार

आईने केळं दुधात घोटून दिलं. त्याने नळी तोंडात धरली, एक घोट घेतला आणि ग्लास सारला.

“असं नही.”

मग कसं? तर म्हणे नवसारी रोडला शेक मिळतो तसा. उंच ग्लास. फळं. वरती आइस्क्रीमचा गोळा, लाल चेरी. “आम्ही रविवारी जायचो,” म्हणाला.

आम्ही म्हणजे कोण? तो आणि तारा! ज्या रविवारी आई इथे दिवसभर वाकून टिकल्या लावत होती, त्या रविवारी हे दोघे चेरी खात होते. आणि हे तो आईलाच सांगतोय! लाज तर नाहीच, पण भानसुद्धा नाही.

आई मला म्हणाली, “हर्षदा, मोबाईलमध्ये बघ बरं, कसा करतात तो.”

मी मोबाईल तिच्यासमोर टाकला. तूच बघ म्हटलं. तिला शोधता येत नाही. मग परत उचलला. मीच शोधून दिला. मीच!

२१ एप्रिल, रविवार

आज तो प्रकार घरी झाला.

व्हिडिओतली बाई लांब नखांची. “दिखने में संडे, पीने में शेक!” म्हणून हसते. संडे म्हणजे फळं-आइस्क्रीमचा सजवलेला ग्लास, रविवार नव्हे. आधी ग्लासात आतून सरबताच्या रेघा ओढायच्या. तळाला फळांच्या फोडी. मग थंड दूध, फळं आणि व्हॅनिला आइस्क्रीम मिक्सरमध्ये फिरवून ओतायचं. वरती आणखी एक गोळा, टूटीफ्रूटी, काजूचे तुकडे, चेरी. चमच्याने खायचं, मग नळीने प्यायचं. दिसायला छान होतं, खोटं कशाला लिहू. मला कोणी दिलं असतं तर मी फोटो काढून ठेवला असता.

पण ह्याला एक तुकडा चालत नाही. कण अडकला तर टाके दुखतात. म्हणजे फोडी नाहीत, काजू नाहीत, टूटीफ्रूटी नाही. सगळं दळायचं. केळं, चिकू, केसर आंबा, सफरचंद वाफवून. आई एकेक साल अशी काढत होती जणू बाळाला भरवायचंय. आइस्क्रीम तोवर वितळलं. आमचा मिक्सर चटणीचा. कितीही घासा, लसूण जात नाही. तो वास आणि आंबा!

शेवटी चेरी राहिली. ती साखरेच्या पाकातली, रबरासारखी. मी म्हटलं, “ही कशाला आणलीस? वर ठेवली तर चावणार कोण?”

आईने चेरी माझ्या हातात दिली. “घाल मग. चेरीसुद्धा मिक्सरमध्ये घाल.”

घातली. आणि रंग काय झाला! मागच्या खाडीला कधी कधी कुठल्यातरी मिलचं रंगाचं पाणी येतं – गुलाबी, करडं, वर फेस – अगदी तो रंग. त्यात आई उंच ग्लासाला आतून सरबताच्या रेघा ओढते आहे. जीभ दातांत धरून, टिकल्या लावताना धरते तशी. आमच्या घरात सगळे ग्लास स्टीलचे. हा काचेचा खास त्याच्यासाठी बाजारातून आणला.

सुर्रर्र – सुर्रर्र – नळीचा आवाज. अर्धं पोटात, अर्धं बनियनवर. डोळे मिटून पीत होता. संपल्यावर म्हणाला, “तिकडे घट्ट राहायचा.”

मी मोरीत जाऊन ओकले. खरंच ओकले.

२४ एप्रिल, बुधवार

आता रोज. सकाळ-संध्याकाळ. आज डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीला व्हॅनिलाचा वास! छायाने एक घास घेतला आणि म्हणाली, “हे काय गं, वाढदिवस आहे का कुणाचा?”

छाया माझ्या शेजारच्या काउंटरला असते. परभणीची, उधन्याला खोली घेऊन एकटी राहते. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

२८ एप्रिल, रविवार

खालच्या प्रमिलाबाई वर आल्या होत्या. त्याला ग्लास धरून बसलेला बघून बाईंचे डोळे भरले. “मालतीबाई, तुम्ही देवी आहात. मी असते तर दारात उभं केलं नसतं. शेवटी नवरा तो नवराच, नाही का?”

आईने नुसतं “चहा घेणार?” विचारलं.

त्या गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, खरं सांग, तुला ह्याची किळस नाही येत?

“येते.”

“मग?”

“मग काय? ते पातेलं इकडे दे.”

तिचा चेहरा वाचता येत नाही मला. तिच्यावर चिडले आहे की त्याच्यावर, तेही कळत नाही. आज तिचीच जास्त किळस आली. आईबद्दल असं लिहिते आहे. असू दे. खरं आहे.

३ मे, शुक्रवार

दवाखान्यात नेलं होतं त्याला. डॉक्टर खूश. तोंड दोन बोटं उघडतं. अंगावर मांस चढलंय म्हणाले, असंच चालू ठेवा. परत येताना रिक्षात तो ऐटीत मध्ये बसला, आई कडेला अर्धी बाहेर.

आता जिना उतरून ओट्यावर बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “मन्ही पोर मार्केटमध्ये नोकरीले शे.” तुझी पोर? मला ताप आला तेव्हा पाठीवर घेऊन दवाखान्यात कोण गेलं होतं? दहावीचा निकाल कुणाला दाखवला मी?

घरी आले की विचारतो, “एवढा उशीर?”

मी सरळ मोरीत हात धुवायला जाते. त्याला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. काम असेल तर आईला सांगते, “सांग त्यांना.”

१० मे, शुक्रवार

अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. लग्न झालेल्या पोरी माहेरी आल्यात, चाळीत झोके, गाणी, मांडे. आईने मांडे केले, आमरस केला. लहानपणापासून आमच्या दोघींची अखाजी म्हणजे एका ताटात रस, आणि शेवटचा कोण चाटणार यावर भांडण.

आज त्याने रस बघितला आणि म्हणाला, “याच्यात आइस्क्रीम टाक ना.” आईने टाकलं! अख्खं पातेलं त्या वाफवलेल्या सफरचंदासकट मिक्सरमध्ये. मी कोरडा मांडा खाल्ला. नुसता.

१५ मे, बुधवार

त्याने माझं लग्न ठरवलं. मला न विचारता, आईला न विचारता! ओट्यावर बसून कुणाशी तरी बोलणी केली. मुलगा पारोळ्याचा, पहिली बायको सोडून गेलेली. “रविवारी पाहायले येतीन,” म्हणाला, आणि नळी बाजूला काढून ग्लासाच्या कडेचं आइस्क्रीम बोटाने चाटलं. “बापाचं काहीतरी कर्तव्य शे का नही?”

कर्तव्य! मी त्याच्या हातातला ग्लास घेतला आणि मोरीत ओतला. सगळा. त्याच्या डोळ्यांसमोर.

तो ओरडला. तोंड बऱ्यापैकी उघडतं आता.

आणि आई? आई आली, मोरीत पाणी टाकलं, गुलाबी पाणी जाईपर्यंत टाकत राहिली. मग मला वाटलं माझ्याजवळ येईल. नाही. फ्रिज उघडला आणि दूध काढलं. दुसरा शेक करायला!

म्हटलं, “आई, या घरात तो राहील नाहीतर मी.”

ती म्हणाली, “थांब थोडी.”

कशासाठी थांबू? त्याचा शेक घट्ट होईपर्यंत?

१६ मे, गुरुवार

छायाला विचारलं. ये म्हणाली, दोघींना पुरेल खोली.

१९ मे, रविवार

पारोळ्याचे आले नाहीत. आईने प्रमिलाबाईंच्या फोनवरून त्यांना कळवून टाकलं म्हणे, पोरीला करायचं नाही. मला हे प्रमिलाबाईंकडून कळलं. त्याला वाटतंय ते येतीलच, उशीर झालाय. दिवसभर नवा शर्ट घालून बसला होता.

बरं वाटलं थोडं. पण संध्याकाळी परत मिक्सरचा आवाज. परत तो वास.

२२ मे, बुधवार

आज कळस झाला.

त्याचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात मावा. प्लास्टिकच्या कागदात रबर लावलेली पुडी, मळलेली, ओली, गरम. हो, गरम – खिशात तासभर राहिली असेल. माझ्या बोटांना चुन्याचा वास लागला, साबणाने जाईना.

ज्या तोंडासाठी आम्ही चेरी दळली, सफरचंद वाफवलं, मिक्सर चार वेळा धुतला, त्या तोंडात परत हे!

पुडी आईच्या पुढ्यात आपटली. “बघ. बघ तुझी देवपूजा!”

तिने पुडी बघितली. मग विचारलं, “आज भाकरी खाल्ली का त्यांनी?”

“मी मावा दाखवते आहे आणि तू भाकरी विचारतेस?”

“खाल्ली का?”

“खाल्ली. दीड. आमटीत मोडून.”

“चालताना धाप लागते?”

“नाही. पानाच्या टपरीवर चालत जातो ना, धाप कशी लागेल!”

तिने मान हलवली आणि टिकल्या लावायला बसली. मला आता तिच्याशी बोलायचंच नाही.

२५ मे, शनिवार

पिशवी भरली. चार ड्रेस, सर्टिफिकेटं, चार्जर. उद्या सकाळी छायाकडे. आईला अजून सांगितलेलं नाही.

२६ मे, रविवार

सकाळी लोटूकाका रिक्षा घेऊन आला. वाटलं, दवाखाना असेल. पण आईने त्याचे कपडे धुऊन, घडी करून पिशवीत भरून ठेवले होते. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात वॉचमनची जागा, राहायला खोली. हे तिने लोटूकाकाला सांगून एप्रिलमध्येच, हा घरी आला त्याच आठवड्यात ठरवून ठेवलं होतं!

तो आधी हसला. मग पिशवीकडे बघितलं. “मालती, मी कोठे जाऊ? हे मन्हं घर शे.”

आईने पिशवी त्याच्या हातात दिली. आणि त्याला ‘तू’ म्हणाली.

“मागच्या टायमाला तू न सांगता गेलास. माझं म्हणायचं राहून गेलं. पडलेल्या माणसाला जा म्हणता येत नाही, म्हणून आधी उभा केला. आते जाय.”