जुन्या सर्व्हरचा पत्ता

४ मार्च, सोमवार
पुन्हा तेच! दहा नवे कॉम्प्युटर, आणि एकावरही हिशेबाचं सॉफ्टवेअर येईना.

आमच्या ऑफिसात नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच मूळ प्रणाली, आपोआप चढतं, माणूस लागत नाही. चढून झालं की माझी फाइल प्रत्येक मशीनमध्ये पत्ता लिहून ठेवते — बाकीची सॉफ्टवेअर कुठल्या सर्व्हरवरून घ्यायची. जुना सर्व्हर बंद झालाय, म्हणून फाइलमध्ये नवा पत्ता मी स्वतः घातला होता. आज बघते तर परत जुनाच!

साहेब सगळ्यांसमोर — "तुमचे वडील होते तेव्हा असं कधी झालं नाही हो." बाबा इथूनच निवृत्त झाले, याच खुर्चीवरून.

जेवताना बाबांना सांगितलं. "होतं गं असं. डोकं शांत ठेव." किती बरं वाटलं!

५ मार्च
पत्ता दुरुस्त केला. सगळी मशीन सुरळीत. हुश्श.

६ मार्च, बुधवार
परत जुना! मला वेड लागलंय का?

आता युक्ती केली. फाइलच्या अगदी शेवटी एक ओळ घातली — जुना पत्ता दिसला की पुसून नवा लिही. वर कोणी काहीही खरडो! कोणाला सांगितलं नाही.

७ मार्च
जेवताना बाबा सहज म्हणाले, "ती शेवटची ओळ कशाला घातलीस? ठिगळ लावल्यासारखी दिसते."

त्या ओळीबद्दल मी कोणाशीही बोलले नव्हते — कोणाशीही!

"घर खायला उठतं गं, तुझं काम नुसतं बघू दे," म्हणाले होते मागे. घरून फाइल उघडायचा पासवर्ड मीच दिला. हौसेनं.

८ मार्च, शुक्रवार
साहेबांना सगळं सांगितलं. बाबांचं नावही घेतलं.

"आपली चूक बापावर ढकलता?" साहेब म्हणाले. "त्यांनीच फोन केला होता मला. पोरीला झेपत नाही म्हणाले. सोमवारपासून तेच येतायत. तुम्ही जरा विश्रांती घ्या."

"कधी केला फोन?"

"झाला की महिना."

महिना! तेव्हा तर एकही मशीन बिघडलं नव्हतं.

जिन्यात बसून राहिले. येणारे-जाणारे वळसा घालून गेले.

९ मार्च, शनिवार
बाबांना गच्चीवर एकटं गाठलं. कुंडीतली सुकलेली पानं खुडत होते. ओरडायचं ठरवलं होतं. "का?" एवढंच.

"तुला कुठेही नोकरी मिळेल. या वयात मला कोण घेतंय?" मग हळूच — "आईला कळू देऊ नकोस. सहन व्हायचं नाही तिला."

कुंपणानं शेत खायचं, आणि वर शेतानंच गप्प बसायचं! बसले गप्प. आईसाठी.

११ मार्च, सोमवार
आईनं डबा एकच भरला. झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता — "घरात बसून झुरत होते गं. फोन करा म्हणून मीच सांगितलं ह्यांना."