चप्पल हातात होती

सोलापूर,
१४ नोव्हेंबर २०२४

बिरप्पा भाऊ यांस सिद्धेश्वरीचा नमस्कार.

पायाचं प्लास्टर निघाल्याचं तुमच्या राजाबाईंकडून कळलं. इथे सगळे ठीक. वखारीत निलगिरीचे ओंडके आलेत. तुमची गाडी सध्या नवनाथ चालवतो. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहिते.

गाडीचं काम करून घेतलं. पहिली पायरी फार उंच होती. तिच्याखाली आणखी एक जोडली. पायऱ्यांवर खरबरीत पत्रा बसवला, दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावले. चढताना आणि उतरताना तोंड गाडीकडे. हात मोकळे. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय सुटेल. डबा, बाटली आधी आत ठेवायची. ओंडक्यांवर जायला शिडी. उडी कुणीच मारायची नाही.

नवनाथ म्हणाला, "बाई, ही वखार हाय का शाळा?"

"शाळा. नापास झालास की घरी."

एवढं लिहिणं सोपं होतं.

सोमवारी मी स्वतः चढून पाहिलं. पदर खोचला, चप्पल काढून डाव्या हातात घेतली. ओल्या पायांनी दुसऱ्या पायरीपर्यंत गेले आणि तिथेच एका हातावर लोंबकळत राहिले. वर जाता येईना, खाली येता येईना. नवनाथ ओरडला, "चप्पल सोडा की बाई! लई मोठी इस्टेट हाय व्हय ती?" सगळे हसले. मी सोडली.

तुम्ही नऊ वर्षं तसे चढत होतात. गाडीच्या केबिनमध्ये पायताण चालणार नाही, हा नियम माझा. आत देवाशेजारी आमच्या ह्यांचा फोटो होता.

दवाखान्यात तुम्ही म्हणालात, "वैनी, चप्पल हातात हुती." मी म्हणाले, "मग टाकायची की." आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, बिरप्पानं उडी मारली.

त्या दिवशी मी वखारीच्या दारात उभी होते. तुम्ही उतरत नव्हतात, चढत होतात. मी पाहिलं होतं.

उड्या मारणारा ड्रायव्हर नको म्हणून मोडनिंबच्या वखारवाल्यानं तुम्हाला परत पाठवलं, हे मला परवा कळलं. काल सगळे ड्रायव्हर आणि हमाल बोलावले. जे झालं ते सांगितलं. कुणी हसलं नाही. फोटो मी घरी आणला. आता बूट घालूनच केबिनमध्ये जायचं.

तुमची जागा तुमचीच आहे. यायचं की नाही, तुम्ही ठरवा. मी पुन्हा विचारून भंडावणार नाही. नाही आलात, तर हे पत्र मोडनिंबला दाखवा. आणखी जिथे दाखवावं लागेल तिथे दाखवा. म्हणून खाली पूर्ण नाव लिहून सही केली आहे.

तुम्ही पडलात ते पाहिलेली,
सिद्धेश्वरी प्रभुलिंग कलशेट्टी