पुंजाराम खाली आला नव्हता

भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
शनिवार

प्रिय विशाखा,

जय भीम. पत्र पाहून तू दचकशील. मोबाइलवर बोलणाऱ्या बापाला अचानक कागद-पेन कुठून आठवलं, असं म्हणशील. आधीच सांगतो, घरात सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो तेवढा कुरकुरतोय, आणि माझी कुरकुर तुला ठाऊकच आहे, तिला ऋतू लागत नाही. तुझा मामेभाऊ आकाश उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे देतो. फोनवर मी काही सांगायला लागलो की तू मध्येच ‘पप्पा, एक मिनिट’ म्हणतेस आणि माझा धागा तुटतो. कागदाचं तेवढं बरं आहे. आणि खरं सांगायचं तर, जे सांगायचंय ते सांगताना माझा आवाज धड राहील याचा मला भरवसा नाही.

परवा मी चितेगावच्या पुढे पुंजारामच्या वस्तीवर जाऊन आलो. त्याला जाऊन आता दोन महिने होत आले. तू त्याच्या दहाव्याला आली नाहीस, त्याबद्दल त्याची गोजरबाई एका शब्दाने बोलली नाही. ‘पोरगी कामात आसंल,’ एवढंच म्हणाली, आणि तू लहानपणी आवडीने खायचीस म्हणून पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा माझ्या हातात दिल्या. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलून झालं. मी निघायला उठलो तेव्हा मात्र तिने मला पुन्हा बसवलं आणि विचारलं, ‘भाऊ, गावात लोक म्हणत्यात, पुंजाराम आपल्या आगाऊपणानं मेला. कुणाला न इचारता चढला म्हणं. तुमी त्याच्यासंगं जलम काढला. आसा व्हता का त्यो?’ मी नाही म्हणालो. पण नुसत्या माझ्या नाही म्हणण्याने काय होतं? कंपनीने आपल्या अहवालात लिहिलंय की पुंजाराम रजेवर असताना, विनापरवाना, स्वतःच्या बेजबाबदारपणाने विजेच्या खांबावर चढला. विद्युत निरीक्षकांची चौकशी चालू आहे. तिथे हाच अहवाल मान्य झाला, तर ज्या माणसाने उभ्या नोकरीत कधी घाई केली नाही तो कायमचा आगाऊ ठरणार. भरपाईचं व्हायचं ते होईल, बाईने तो विषयही काढला नाही. तिला फक्त नवऱ्याच्या नावाला लागलेला हा डाग पुसून हवाय.

तुला आमची जुनी कंट्रोल रूम आठवते ना? रविवारी आई विहारात गेली की तू माझ्याबरोबर यायचीस आणि माझ्या टेबलाचा एक कोपरा अडवून बसायचीस. लाइन बंद करून माणूस खांबावर चढला की चढण्याआधी मला फोनवर नाव सांगायचा, ‘पुंजाराम वर.’ काम झालं की ज्याने त्याने फोनवर यायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं, ‘पुंजाराम खाली.’ एकाने दुसऱ्याच्या वतीने सांगितलेलं चालायचं नाही. जेवढी नावं वर गेली तेवढे आवाज खाली आल्याशिवाय मी लाइन चालू करायचो नाही, मग कारखानदार ओरडो की पुढारी. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. माझ्या आधीच्या ऑपरेटरने मला शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने. तू बोटं मोजायचीस. एकदा एक बोट उरलं, आवाज येईना, तेव्हा तू भोकाड पसरलं होतंस. मग फोनवर पुंजाराम आला आणि तुझी माफी मागत म्हणाला, ‘ताई, शेंगा खात बसलो, इसरलोच की.’ त्यानंतर कित्येक दिवस तू त्याच्याशी बोलत नव्हतीस. पुढे तुला इंजिनिअरिंगला पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा मध्यवर्ती बसस्थानकावर तुझं सामान त्यानेच गाडीत चढवलं, आणि कंडक्टरला दम दिला की आमची साहेबीण चाललीय, सामान नीट ठेव.

मग आमची गोदातीर वीज विकली गेली. कंपनी ती केवढीशी, पैठण रस्त्याच्या पट्ट्यातला वीजपुरवठा सांभाळायचं कंत्राट तिच्याकडे, बस्स. घेणारी कंपनी तुझीच, अवाढव्य. पाच-सहा राज्यांत वीज, शहराशहरांतून स्वयंपाकाच्या गॅसच्या नळ्या, आणि दर वर्षी आमच्यासारखी एखादी लहान कंपनी पोटात घ्यायची. बीड बायपासच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम झाला. आम्हाला फेटे बांधले, नवे शर्ट वाटले, पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘विलीनीकरण’ लिहिलेलं. पुंजाराम माझ्या कानाशी लागला, ‘भाऊ, आपून त्यांच्यात गेलो का ते आपल्यात आले?’ मी म्हणालो, जेवणाचा खर्च कोण करतंय ते बघ. तो जिलेबी खात म्हणाला, ‘मंग आपूनच गेलो.’ त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता, की विकत घेतलेल्या कंपन्या मोठ्या कंपनीत बसवायचं काम करणाऱ्या तुकडीत तुला घेतलंय. मी गल्लीभर पेढे वाटले. तू मला समजावून सांगितलंस की दोन ठिकाणी एकच काम चालत असेल तर ते एका ठिकाणी आणायचं, त्यात बचत असते. आमची कंट्रोल रूम त्या बचतीत गेली. लाइन बंद-चालू करायचं काम कंपनीच्या हरियाणातल्या केंद्रात गेलं आणि मला त्याच खोलीत, त्याच फोनशी, ग्राहकांच्या तक्रारी घ्यायला बसवलं. चार दिवस मला जेवण गेलं नाही. आईने तुला सांगितलं नसेल. लाइनमनच्या मोबाइलवर नवं ॲप आलं. कामाच्या यादीत ज्यांची नावं असतील त्यांनी काम संपल्यावर आपापला आकडा दाबायचा, सगळ्यांचे आकडे आले की तिकडून लाइन चालू. तिकडची मुलं वाईट नाहीत ग. हुशार आहेत, अदबीने बोलतात. पण यादीबाहेरचा माणूस त्यांच्या पडद्यावर मांडायला जागाच नव्हती.

त्या दुपारी वाऱ्याने चितेगावच्या पलीकडे एक तार तुटली. गोकुळ आणि आणखी दोघे गेले. गोकुळला तू ओळखतेस, पुंजारामने हाताखाली घेऊन तयार केलेला. त्याला आठवडाभरापूर्वी मुलगी झाली होती, बारसं व्हायचं होतं. आमच्या लाइनमन लोकांत एक रीत आहे, बारसं होईपर्यंत बाळाच्या बापाने खांबावर चढायचं नाही, त्याच्या वाटणीचा खांब दुसऱ्याने घ्यायचा. पुंजाराम त्या दिवशी रजेवर होता. पैठणच्या बाजारातून मोटारसायकलवर परत येताना त्याने गोकुळला पट्टा बांधताना पाहिलं आणि गाडी थांबवली. पट्टा स्वतःच्या कमरेला घेतला. आणि सवयीने मला फोन लावला, ‘भाऊ, गोकुळ्याच्या जागी म्या चढतो. पोरीचं बारसं व्हायचंय त्याच्या. पुंजाराम वर.’ मी म्हणालो, अरे, माझ्या हातात आता काही नाही. तो म्हणाला, ‘तुमी हाय ना तिथं? मंग झालं.’ मी लगेच हरियाणात फोन केला. एक मुलगी होती. तिला माझ्या मोडक्या हिंदीत, पण नीट सांगितलं, की यादीबाहेरचा एक माणूस वर आहे, पुंजाराम नाव, तो खाली आल्याचं मी कळवल्याशिवाय लाइन चालू करू नका. ‘ठीक है सर, नोट कर लिया,’ ती म्हणाली.

तार जोडून पुंजाराम उतरला. यादीतल्या तिघांनी आपापले आकडे दाबले. एवढ्यात त्याला त्याच लाइनच्या उसापलीकडच्या खांबावर तार धरणारी चिनी मातीची चिमणी तडकलेली दिसली. ‘आलोच’ म्हणून तो उसातून गेला आणि तिकडे चढला. तू म्हणशील, न सांगता कसा चढला? कशाला सांगेल, विशू? त्याच्या हिशेबी तो अजून वरच होता. त्याने मला ‘पुंजाराम खाली’ म्हटलंच नव्हतं, आणि ते म्हटल्याशिवाय लाइन चालू होत नाही हे त्याला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. मीही फोनशी त्याच्याच आवाजाची वाट बघत बसलो होतो. मग फोन वाजला, तो गोकुळचा होता.

अहवालात माझ्या फोनचा उल्लेख नाही. त्याचं रेकॉर्डिंग सापडत नाही म्हणतात. ती मुलगी नोकरी सोडून गेली म्हणतात. पुंजाराम आपल्या मनाने चढला, असं लिहिलेल्या कागदावर गोकुळने सही करून दिली. त्याच्यावर मी रागावलो नाही, ओल्या बाळंतिणीच्या घरचा माणूस, नोकरी गेली तर जाईल कुठे? पण त्याने पोरीचं बारसं अजून केलेलं नाही. सगळे तिला नुसतं ‘बाळ’ म्हणतात. मग एक कागद माझ्यापुढे आला, की पुंजारामचा फोन खाजगी होता, कामाचं काही बोलणं झालं नाही. पुण्याहून आलेले अभय नावाचे साहेब तो घेऊन आले होते. मला चहा पाजला आणि म्हणाले, ‘काका, तुमची मुलगी आपल्याकडेच आहे ना? हुशार आहे, लवकर वर जाईल.’ मी म्हटलं, साहेब, वर जाण्याचं आता माझ्यापुढे नाव काढू नका. सही केली नाही.

मी तुला दोष देतो असं समजू नकोस. पण खोटं तरी कशाला बोलू, राग आला होता. स्मशानातून परत आलो त्या संध्याकाळी तुझा फोन वाजत होता आणि मी तो नुसता बघत बसलो. तुझ्यावरचा राग कुठला आणि तुझ्या कंपनीवरचा कुठला, हे त्या वेळी मला निवडता येत नव्हतं. आता येतं. तू कामाला लागलीस तेव्हा मला जेवढा अभिमान वाटला तेवढाच आजही वाटतो. फक्त आता पुंजारामची आठवण आली की तूही आठवतेस, आणि तू आठवलीस की पुंजाराम, त्याला माझा इलाज नाही. आम्ही रोज एकमेकांचा आवाज ऐकायचो ग. दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला की माझा हात अजून घाईने जातो. पलीकडून कुणीतरी मीटर जोरात फिरतं म्हणून सांगत असतं.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. काल मला निरीक्षकांच्या कार्यालयाची नोटीस मिळाली. गुरुवारी माझी साक्ष आहे. त्यात खाली लिहिलंय, कंपनीच्या वतीने हजर राहून साक्षीदाराला प्रश्न विचारणार: विशाखा संघपाल साळवे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मधलं नाव माझंच आहे. बुधवारी येते एवढंच तू आईला फोनवर सांगितलंस, कशासाठी ते तुझ्याच्याने सांगवलं नसेल. ती बिचारी कुरडया तळायच्या म्हणून डबे खाली काढून बसलीय, तिला मीही काही बोललो नाही. गुरुवारी मी सगळं सांगणार आहे. पुंजारामचा फोन आला, मी तो पुढे कळवला, आणि तो खाली आल्याचं कुणीच सांगितलेलं नसताना लाइन चालू झाली. हे तुला पहिल्यांदा टेबलापलीकडून ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र. तुझ्या वरिष्ठांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. हे काम नाकारायचं असेल तर नाकार, पण माझ्यासाठी म्हणून नको. आणि आलीस, तर बापाची गय करू नकोस, उलटसुलट विचार, अडव. मीही मागे घेणार नाही. तिथे मी तुला मॅडम म्हणेन, ते मनाला लावून घेऊ नकोस. गोजरबाई माझ्या शेजारी बसणार आहे. तुला दारात बघितलं की ती उठेल, तुझ्या तोंडावरून हात फिरवेल, पुंजारामची ताई आली म्हणून चारचौघांत रडेल. तू कुणाच्या बाजूने आली आहेस हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. ते तिला तू सांग, बेटा. मला ते जमत नाही.

तुझाच,
पप्पा