मिठाची जुनी जागा

बालाघाट, भादव्यातला बुधवार, १९७४

चिरंजीव घनश्याम,

तुले आजीचा पोटभर आशीर्वाद. इथं तुझे आई-बाप खुशाल, गाय खुशाल, मीही खुशालच म्हणायची. मुंबईचं पाणी तुले मानवते का? हे पत्र शेजारच्या शांताबाई मास्तरीण लिहून राह्यल्या. यातलं अक्षर तुझ्या आईच्या कानी जायचं नाही, अशी त्यांले शपथ घातली आहे. (शांताबाई, हेही लिहा.)

तुझं पत्र साऱ्या घरानं ऐकलं. तुमच्या काम्प्युटरच्या पोटात अगदी तळाशी जो मूळ कारभार चालते, त्यात आकडे इकडून तिकडं नेणं, दोन गोष्टी ताडून पाहणं, असली बारकी कामं ज्यानं त्यानं आपापली लिहून ठेवलेली. तू ती एका जागी गोळा केली, घासूनपुसून चपळ केली, जुन्या जागा मोकळ्या केल्या, आणि तिसऱ्या दिवशी यंत्र ठप्प! (यासाठीच तुले एवढं शिकवलं.) कारण काय, तर एक म्हातारा प्रोग्राम कोणाले न विचारता थेट जुन्याच जागी गेला आणि तिथं भलतंच ठेवलेलं. साहेब म्हणते, म्हाताऱ्याले काढून टाका. तू विचारतं, आजी, काय करू?

बाबू, तुझ्या आईनं पत्र ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी पदर खोचला. "मीठ तीन जागी काहून?" म्हणे. चुलीपासचं, लोणच्यापासचं, गाईचं, सगळं एका बरणीत, दारामागच्या फळीवर. चुलीपासचा कोनाडा रिकामा झाला, तिथं तिनं गढूळ पाण्यात फिरवायची तुरटी कुटून ठेवली. आता तुलेच सांगते. उन्हाळ्यापासून माझ्या डोळ्यांपुढं भाताची पेज सांडल्यासारखं दिसते. पण हाताले सारं ठाऊक आहे, म्हणून कोणाले कळलं नाही. तुझ्या आईले, पुष्पलताले, कळलं तर म्हणेल, आई, तुम्ही खाटेवर बसा. एकदा खाटेवर बसवलेल्या बाईले मग घरात विचारते कोण? फक्त माश्या.

त्याच दिवशी किरनापूरचे भोजराजमामा जेवाले आले. हा माणूस बोलता बोलता दोन मोटारी सोडते, तिसरीच्या कंडक्टरले गोष्ट सांगते. मी वरण केलं, कोनाड्यात हात घातला, चिमूटभर टाकलं. पहिल्या घासाले मामाचं तोंड बटव्याची दोरी ओढावी तसं मिटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या घरी चूप बसले. तुझा बाप म्हणे, "आई, वरण आज..." मी म्हटलं, "डाळ नवी आहे." तुझ्या आईनं मात्र आपली वाटी पुसून संपवली.

तर साहेबाले सांग, म्हाताऱ्याले काढू नका. तो आंधळा असेल, पण खोटा नाही. ज्या वाटेनं त्याले तुम्हीच रोज नेलं, त्याच वाटेनं तो जाते. सामान खुशाल हलवा, पण जुन्या जागी काहीतरी खूण ठेवा, का बाबा, इथलं तिकडं गेलं. त्याचा हात तिकडं वळला का मग जागा मोकळी करा. घाई कोणाले आहे?

तुझी आजी,
दुर्गाबाई

ता. क. आईले वेगळं पत्र लिही का मिठाची जुनी जागा मोडू नये, असं यंत्राचं शास्त्र आहे. डोळ्यांचं नाव काढू नको.

आणखी ता. क. वरचं पत्र आईले लिहू नको. पाकीट चिकटवायचं राहून गेलतं, म्हणून शांताबाईले पुन्हा बसवलं. सकाळी कोनाड्यात हात घातला तर तुरटी नाही. तिथं मिठाची वाटी, गळ्याभोवती दोरा, दोऱ्याले एक गाठ. तिखटाच्या डब्याले दोन, हळदीच्या डब्याले तीन. दुपारी त्याच मिठाचं वरण केलं. मीच विचारलं, "पुष्पलता, आजचं वरण कसं?" तर म्हणे, "हौ, बराबर."

तू आता एकच कर. दिवाळीच्या आधी सुट्टी काढ आणि मले नागपूरले डोळ्यांच्या डॉक्टरकडं ने. घरी सांगू का भोजराजमामाकडं चार दिवस राहाले चाललो. तुझी आई मानेल. म्हणजे, मानल्यासारखं करेल.