इनक्युबेटरमधली पाकळी

३० सप्टेंबर, मंगळवार
आधी सगळ्यांची खुशाली. गुडघा कालच्यापेक्षा बरा. थोरल्याचा ताप उतरला, सूनबाईचा खोकला आहेच. मी धुण्यापुसण्याला आहे त्या लॅबमधला, भांडी वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह माझ्यासारखाच धापा टाकतो, पण काम सोडत नाही. इनक्युबेटर ठणठणीत, सदतीस अंशांवर. आत सुजाताच्या प्रयोगाच्या पेशी, वाढताहेत म्हणाली. सुजाताच तेवढी बरी दिसत नाही. पीएचडीचं चौथं वर्ष, डोळे खोल गेलेत. डबा न उघडताच परत नेते.

पेशी पन्हाळ्याकडच्या एका कॅन्सर झालेल्या बाईंच्या रक्तातल्या. कॅन्सरशी झुंजणारे शिपाई म्हणे. सु. त्यांना बाहेर वाढवते आणि गाठीच्या पेशींवर सोडून बघते. बाई उन्हाळ्यात गेल्या. रक्त देताना म्हणाल्या होत्या, "माझं न्हाय झालं तर दुसऱ्या कुणाचं हुईल की."

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
शिरोलीला फौंड्रीत होते तेव्हा वीस वर्षं या दिवशी भट्टी, साचे, घमेली, सगळं पुजलं. सवय जात नाही. सु. बावड्याला घरी गेलेली. एकेक मशीन पुसलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. उदबत्ती लावली नाही, एवढं कळतं. इनक्युबेटरचं दार उघडून आत जाळीवर एक पाकळी ठेवली. पोरीचं काम तडीस जाऊ दे म्हटलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
फुलं काढली. आतली पाकळी सुकून चिकटलेली, नखानं सोडवली. सु. आली, मशीनवरचं कुंकू बघून हसली. "मावशी, तुमच्या आशीर्वादावरच चाललंय बघा सगळं."
बऱ्याच दिवसांनी हसली.

६ ऑक्टोबर, सोमवार
सु. सकाळी मायक्रोस्कोपला बसली ती उठेचना. मग म्हणाली, "बघा मावशी." बघितलं. कापसासारखे धागे. बुरशी. एकही डिश सुटली नव्हती. चार महिन्यांचं काम मीच ऑटोक्लेव्हमध्ये भरलं. पाकळी आठवली तेव्हा झाकण आवळून झालं होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
तिचे गाईड म्हणजे मोठे सर सगळ्यांसमोर बोलले. "हात स्वच्छ नसला की असंच होतं. तीन वर्षं काय शिकलीस?" सु. खाली मान घालून. मी दारात बाटल्या घेऊन उभी. तोंड उघडलं, आणि बाटल्या ठेवून निघून आले.


९ ऑक्टोबर, गुरुवार
नायट्रोजनच्या टाकीत बाईंच्या पेशींची एकच कुपी गोठवलेली उरलीय. सु. ती काढायला धजत नाही. "बुरशी कुठनं आली त्येच कळंना. ही बी गेली तर बाई दुसऱ्यांदा गेल्या म्हणायचं." सर सोमवारी विषयच बदलायला सांगणार आहेत. स्पिरिटनं धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालं निघालीत.
"माझा हातच वंगाळ हाय मावशी."
"न्हाय गं. तुझा हात चांगला हाय."
एवढंच बोलले. पाकळीचं सांगितलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
माझं कंत्राट मार्चपर्यंत. सांगितलं तर कदाचित उद्यापर्यंतच.
फौंड्रीत कास्टिंगला भोक पडलं की जिचा कोअर, साच्यातला वाळूचा गाभा, ओला राहिला त्या बाईनं आपण होऊन सांगायचं. मुकादम शिव्या द्यायचा, पण पुढचे साचे वाचायचे. तिथं कधी लपवलं नाही मी. मग इथं काय झालं?
फार दमल्यासारखं वाटतंय.

११ ऑक्टोबर, शनिवार
इनक्युबेटर रिकामा करून घासला. जाळ्या वाफवल्या, पाण्याचा ट्रे बदलला. सु. जेवायला गेली तेव्हा तिच्या प्रयोगवहीत, येत्या सोमवारच्या पानावर चिठ्ठी ठेवली. काय लिहिलं ते इथंही उतरवून ठेवते, नंतर शब्द फिरवायला नको.

"सुजाता, नवमीला मी इनक्युबेटरमध्ये झेंडूची पाकळी ठेवली होती. वरची जाळी, डावा कोपरा. दोन दिवस आत होती. दोष तुझ्या हाताचा नाही. खाली सही केलीय, सरांना दाखव. आता सगळं घासून-वाफवून ठेवलंय. तू स्वतः एकदा तपास, मगच कुपी काढ. माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही, तर बोलू नको. पण याच कागदावर खाली दोन ओळी लिही, रागाच्या असल्या तरी चालतील. लवकर लिही."