देणंघेणं नसलेल्या बायका

उदासीन म्हणे! चाळीस वर्षं लॉन्ड्रीत उभी राहिले, माझ्या गुडघ्यांना विचार उदासीन कोण ते. तुमच्या ऑफिसचा अहवाल शेजारच्या मास्तरीणबाईंनी वाचून दाखवला. ऊन वाढतंय, हवा बदलतेय, याच्याशी आमच्या लॉन्ड्रीतल्या बायकांना काही देणंघेणं नाही, असं छापलंय. खाली तुझी सही. लाज नाही वाटली?

प्रिय चिमटी,

आता खुशाली विचारते. जेवतेस ना? फोटोत हनुवटी टोचेल इतकी वाळलीस.

अगं, हवेचं आम्हाला कोण शिकवणार? हॉस्पिटलच्या चादरी सकाळी आठला दोरीवर टाकल्या की अकराला काढायचो. आता कधी दोन-दोन दिवस दमट राहतात, आणि वाळतात तेव्हा उन्हानं गच्चीवर पाय ठेववत नाही. दुपारची इस्त्री बंदच केली. आमच्यातली थोरली, कॉलर कडक करणारी, गेल्या साली इस्त्री हातात असतानाच घेरी येऊन पडली. दंड भाजला. मालक म्हणाला, उन्हाळा काय, दरवर्षीचाच. त्याच्या केबिनमध्ये एसी आहे, त्याला दरवर्षीचाच वाटणार.

तुझी आई कामाला जायची तेव्हा तू माझ्याजवळ, गरम चादरींच्या टोपलीत बसायचीस. चादरीतलं पाणी जातं कुठे, म्हणून दिवसभर डोकं खायचीस. मला सांगता यायचं नाही. म्हटलं, शीक आणि तूच सांग. शिकलीस, लांब गेलीस, आणि सांगायचं राहिलं. पाठवणारी मीच, तक्रार कोणाकडे करू? आता डोकं खायला कोणी नाही. काम लवकर उरकतं, त्याचाच राग येतो.

तर तुमच्या ऑफिसचा तो पिशवीवाला माणूस हवेबद्दलच्या प्रश्नांचे कागद घेऊन आला. अक्षर लावून लावून मी सगळे प्रश्न वाचले आणि प्रत्येकापुढे 'काही देणंघेणं नाही' यावर खूण केली. बाकी सहा जणींनाही तेच करायला लावलं. थोरली भांडली, मग मी पडले ते खोटं का, म्हणाली. तिला दटावून गप्प केलं.

का, ते आता सांगते. कागद देतानाच तो म्हणाला होता, ज्यांना काहीच वाटत नाही त्यांच्याशी बोलायला मोठ्या मॅडम स्वतः येतात. मोठ्या मॅडम कोण, विचारलं, तर त्यानं तुझं नाव घेतलं. तीन वर्षं झाली गं तुला बघून. वाटणाऱ्यांकडे तू फिरकत नाहीस, म्हटलं न वाटणाऱ्यांत बसून बघू. आली ती कोणी दुसरीच पोरगी. तिच्यासमोरही तेच खोटं रेटलं, म्हटलं हिचं जमलं नाही तर तू येशील. चुकलं माझं. पण सात बायकांचं खोटं तुझ्या सहीखाली गेलंय, आणि थोरलीच्या भाजलेल्या दंडाचं उन्हाशी काही देणंघेणं नाही असं तिच्याच हातानं लिहिलं गेलंय. ते खोडायला इथे यावं लागेल. पिशवीवाला नको, ती पोरगी नको, आईकडून निरोप तर मुळीच नको. उत्तर तूच द्यायचंस, माझ्यासमोर बसून.

तुझीच,
आजी