मागे बसलेला तानपुरा

नोव्हेंबरातला रविवार, गाझियाबाद

बाई, फार दिवसांनी लिहितेय, रागावू नका. तुम्ही गेल्यावर पहिली काही वर्षं मी या वहीत तुमच्याशी बोलायचे. मग नोकरी, मुलगी, रोजची मेट्रो, आणि तुम्हाला सांगावं असं गाणंच हातून झालं नाही. आता एक अडचण आलीय आणि ती तुमच्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

मी अल्बम केलाय. तुम्ही शिकवलेलेच राग, घरातल्याच मागच्या खोलीत, दुपारी सगळे बाहेर असताना भिंतींना गाद्या लावून. साथीला तानपुरा मोबाइलमधला. तुमचा तानपुरा माझ्या पाठीमागच्या कोपऱ्यात गवसणीत उभा असतो. तुमच्या मुलानं तो आणून दिला तेव्हाच त्याची खर्जाची तार तुटलेली होती, आणि नवी बसवायचा धीर मला कधी झाला नाही. रेकॉर्डिंग घेऊन करोल बागेत एका साउंडवाल्याकडे गेले. खाली गाड्यांच्या सीट कव्हरची दुकानं, वर त्याची खोली. थोडं ऐकून त्यानं हेडफोन काढले. "मॅडम, पीछे दूसरा तानपुरा किसने बजाया?" मी म्हटलं, एकच आहे, मोबाइलचा. "नहीं जी, मोबाइलवाला तो मशीन है, एक जैसा चलता है. ये कोई हाथ से बजा रहा है. आखिरी तार पे थोड़ा रुकता है." त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावले. बाई, तुमच्या तर्जनीचं पेर वाकडं होतं. बाकीच्या तारा सरळ जायच्या आणि शेवटच्या खर्जाला बोट किंचित उशिरा पोचायचं.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या तुमच्या सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर मला दिसतंय. थंडी आहे, खिडकीच्या काचेवर वाफ धरलीय, तुम्ही पाटावर बसून मटार सोलताय आणि मी समोर सा लावून बसलेय. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात कुणाला गायला बसवायचं, हे तुम्ही कधी तोंडानं सांगितलं नाहीत. ज्याची तयारी झाली त्याच्या मागे तुम्ही स्वतः तानपुरा घेऊन बसायचात, तीच परवानगी. आणि नियम एकच, वळून बघायचं नाही. "मागे कोण आहे ते कानाला कळलं पाहिजे. वळलीस की सूर गेला." मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, यंदा मी?" तुम्ही शेंगांची परात माझ्याकडे सरकवलीत. "यंदा मटार सोल." पुढच्या वर्षी तुम्ही नव्हता. माझ्या मागे तुम्ही कधीच बसला नाहीत.

एका कंपनीला अल्बम हवाय. त्यांच्या माणसाचा फोन आला, आवाज फार गोड. "गाना बढ़िया है जी. पीछे जो एक्स्ट्रा आवाज है वो हम साफ करवा देंगे, आप बस साइन कर दीजिए." सही केली की रेकॉर्डिंग त्यांचं, काय ठेवायचं आणि काय पुसायचं तेही त्यांचं. मुलगी म्हणते, "आई, तू स्वतःच टाक ना यार. आजकल सगळे स्वतःच टाकतात. लेबलला कोण विचारतंय?" मी म्हटलं, अगं, पण कुणीतरी 'झालं' म्हणायला नको का? तर हसली. "कुणाची परमिशन हवीय तुला? तू फोर्टी-फाइव्ह आहेस."

तिचं उत्तर बरोबर आहे, म्हणूनच मला झोंबलं. कंपनीनं घेतलं तर निदान एका परक्या माणसानं हो म्हटलं, असं तरी होईल. चार शहरांत ऐकलं जाईल. स्वतःच काढलं तर ऐकणार आमचे नातेवाईक, आणि तेही भाजी परतता परतता. शिवाय स्वतःच गायचं आणि स्वतःच पास व्हायचं, यात माझा अहंकार किती आणि भीती किती, हे मी रोज तपासते आणि रोज हिशेब वेगळा येतो. तुम्हाला आवडलं नसतं, एवढं वाटतं. पण मग तुम्ही तिथे का बसलात? की 'अजून नाही' एवढंच सांगायला बसला होतात? मी पुन्हा पुन्हा ऐकते. जिथे माझा निषाद जरा उतरतो तिथे मागचा तानपुरा हळू होतो, थांबतो. मी सूर सावरला की पुन्हा सुरू. एकदाही मधेच उठून गेलेला नाही.

काल दुपारी कंपनीला 'नाही' म्हणून कळवून टाकलं. अल्बम मीच काढणार आहे, काही न पुसता. तानपुऱ्याच्या साथीला कुणाचं नाव लिहायचं, ते अजून ठरत नाही. तुमचं लिहिलं तर लोक मला वेडी म्हणतील, नाही लिहिलं तर ती चोरी.

हे पान कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. साउंडवाल्यापुढे मी दचकल्याचं दाखवलं. पण त्या दुपारी, पहिलाच आलाप चालू असताना, पाठीमागे खर्ज उशिरा आला होता. माझ्या कानाला कळलं होतं. मी गात राहिले. वळले नाही.

उद्या: करोल बागेतून खर्जाची तार आणणे.